गोळीचे तीन वाटे

कॅनडातली फार्मासिस्टची परीक्षा मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा कारण एकच. मी फार झटपट काम उरकते. खरं तर बोईसरच्या मेडिकलमध्ये आठ वर्षं मी याच झटपटपणावर नाव कमावलं होतं. कारखान्यांची शिफ्ट सुटली की काउंटरसमोर झुंबड उडायची. जवळच्याच सरावलीला खोल्या घेऊन राहणारे कामगार ‘दीदी, वो गुलाबी वाली’ एवढंच म्हणायचे, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत स्ट्रिप कापून, पाकिटात घालून, वर सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारून मी मोकळी! दुकानाचे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचे आणि मी ते ऐकू न आल्यासारखं करून पूर्ण ऐकायची.

तिकडच्या प्रात्यक्षिकात पेशंट म्हणून नट बसवतात. त्यांच्याशी बोलायला सात मिनिटं. औषधाची माहिती तुम्हाला असणारच, हे ते धरून चालतात. तुम्ही पेशंटला काय विचारता आणि तो सांगत असताना तोंड बंद ठेवता का, ते बघतात. मी पहिल्या दोन मिनिटांत डोस, पथ्य, धोके सगळं सांगून टाकायची आणि उरलेली पाच मिनिटं जिंकल्यासारखी बसून राहायची. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हाही माझं ठाम मत होतं की परीक्षकांनाच काही कळत नाही.

तिसरी खेप शेवटची होती. ती हुकली असती तर तिथे कायम दुसऱ्याच्या हाताखाली बाटल्या मांडत बसायचं, नाहीतर गाशा गुंडाळून परत यायचं. परीक्षेआधी तिथल्या नोकरीतून महिनाभर सुट्टी काढून मी घरी, किनाऱ्यावरच्या आमच्या गावी आले. सरावाला कोणीतरी समोर हवं होतं. आई म्हणाली, मी हाय की.

माझी आई तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकते. दुपारी ती परतली, हातपाय धुतले, की ओट्यावर आमची परीक्षा सुरू व्हायची. मधे स्टूल, त्यावर घड्याळ. पेशंट म्हणून ती भयंकर होती. मी तिला ‘तुम्ही’ म्हटलं की ती मागे वळून कोण आलंय ते बघायची. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, तुला म्हाईत हाय ना! मी चिडायची, ती पदरात तोंड लपवून हसायची, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. हळूहळू मलाच चव लागली. आज अर्धं मिनिट गप्प बसले, आज पाऊण, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. इतका उत्साह मला कॉलेजातसुद्धा कधी आला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याच बीपीच्या गोळ्या समोर ठेवल्या आणि विचारलं, या तुम्ही कशा घेता? मग जीभ दाताखाली धरली आणि मनात आकडे मोजत बसले. आईने पदर सारखा केला, स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली.

“आमी तिघी वाटून घेतो.”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आईला अखेर नट होणं जमलं, असंच वाटलं मला. परीक्षेला शोभेल असा गुंता तिने स्वतःच्या डोक्याने रचला होता. मी खुशीत पुढचा प्रश्न टाकला, कोणाबरोबर वाटता?

“बाजूला बसतात त्या दोघींसंगट. डोकं तिघींचं बी फिरतं. त्यांच्यासमोर बसून एकटीनं कशी खायाची?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाळ्यातून निघालेल्या मासळीचे वाटे करतात, तसे ती वर्षानुवर्षं बीपीच्या गोळीचे वाटे करत होती. एक दिवस हिचा, एक दिवस तिचा, एक दिवस आईचा. बीपी उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता, आणि दोन्ही वेळा ती जास्त ताकदीची स्ट्रिप दुकानातून बाजारात तिच्या पाटीपाशी नेऊन देणारी मीच होते. आठ वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, सरळसरळ लाज.

दुसऱ्या दिवशी बीपीचं मशीन घेऊन मी बाजारात. बोंबलांच्या ढिगाशेजारी तिघींच्या दंडांना पट्टा बांधला, गिऱ्हाइकं कौतुकाने बघत उभी राहिली. त्या दोघींना डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्या गोळ्या त्यांना सुरू झाल्या. आई आता रोज गोळी घेणार म्हणून डॉक्टरांनी तिचा डोस कमी केला. कॅनडाला परत जायच्या आधी पुन्हा मोजलं तर आकडा असा खाली आलेला की मी भर बाजारात ओरडले.

त्याच तारेत मी परीक्षेला बसले. दम्याचा पेशंट झालेला एक म्हातारा नट होता. मी विचारलं आणि थांबले. तो घुटमळला, छताकडे बघत राहिला, तरी मी थांबले. मग म्हणाला, पंप तीन आठवड्यांपूर्वीच बंद केलाय. मला उठून त्याला मिठी मारावीशी वाटली.

निकाल आला तेव्हा मी नाश्ता करत होते. पास! खुर्चीवरून उडीच मारली. घरी फोन लावला. आईने आधी देवीचं नाव घेतलं, मग शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलं, मग फोनवर परत आली. हळू आवाजात म्हणाली,

“रोज दुपारी तुजी पेशंट व्हायची नं मी, आन् रोज सकाळी दिव्यापाशी मागायची, ही नापास होऊं दे, घरी येऊं दे.”

मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, अजून काय मागायचीस? फोन कोणीच ठेवला नाही.