वामनरावांचा विकतचा धूर

डोणगावात लोक म्हणत, वामनरावांनी बायकोला गॅस घेऊन दिला तो तिच्या डोळ्यांच्या काळजीने नव्हे. घरातला सगळा धूर आपल्या एकट्याच्या वाट्याला यावा म्हणून. बोलण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. चुलीचा धूर फुकट मिळत होता, तेव्हा वामनरावांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बी-बियाण्यांचे दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर मात्र ते बाटलीतला धूर पुण्याहून मागवू लागले.

धूर निघे तो खेळण्यातल्या आगगाडीच्या हातभर लांबीच्या काळ्या इंजिनातून. लेकीने, काजलने, ते रुळांसकट वडिलांना आणून दिले होते. धुराड्यात खास तेलाचे चार थेंब सोडले की आतली तार तापे आणि चाकांच्या फेऱ्यांबरोबर धुराचे पुंजके उठत. गावाला रेल्वे नाही. ती निवडणुकीच्या तोंडावर भाषणांतून धावते आणि निकालानंतर विश्रांती घेते. गावातली वेळेवर सुटणारी एकमेव गाडी वामनरावांच्या माडीवर होती. पण या सेवेची दखल घेण्याइतके गाव कृतज्ञ नव्हते.

दुपारी वामनराव माडीवर जात, खिडकी लावून घेत आणि पंखा बंद करत. वाऱ्याने धूर मोडतो. घामाने बनियन अंगाला चिकटे. पण वळणावर इंजीन पुढे निघून जाई, धूर मात्र मागे रेंगाळे आणि कवडशात निळसर होऊन विरे. जन्मभर सोयाबीनच्या भावापलीकडे कशाकडे टक लावून न पाहिलेला हा माणूस तेवढा वेळ श्वास धरून बसे.

“काय दिसते हो त्याच्यात?” रुखमाबाई खालून विचारत.

“धूर.”

“मंग चूल पेटवू का?”

“तो डोयात जाते.”

आपल्याला दिसते ते गावालाही दिसावे, एवढाच काय तो त्यांचा लोभ. त्या लोभापायी यंदा महालक्ष्म्यांच्या आराशीत इंजीन मांडायचे ठरले. “महालक्ष्म्यांच्या साडीले धग लागली तर इंजनासंगं तुमीबी बाहेर,” एवढ्या अटीवर रुखमाबाईंनी परवानगी दिली.

हळदीकुंकवाला बाया जमल्या. धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात उभ्या असलेल्या वामनरावांनी बटण दाबले. गाडी आराशीच्या पायऱ्यांना वळसा घालून आली, धूर उठला आणि बाया चक्क गप्प झाल्या. वामनरावांचा ऊर भरून आला. इतक्यात शेजारच्या शालूबाई पुढे झाल्या. त्यांनी गाडी थांबवायला लावली, दोन्ही तळवे धुराड्यावर धरले आणि तो धूर भक्तिभावाने चेहऱ्यावरून फिरवला. देवीपुढे धूर म्हणजे ऊद, हे कुणाला शिकवावे लागत नाही. मागे रांग लागली. एकीने इंजिनाला कुंकू लावले, दुसरीने फूल वाहिले आणि तिसरीने नेम धरून अक्षता थेट धुराड्यात टाकल्या. तांदूळ करपल्याचा वास सुटला आणि धूर बंद पडला.

“घेतलं बाई देवीनं,” शालूबाई म्हणाल्या.

देवीने घेतलेले तांदूळ वामनरावांना चिमट्याने काढावे लागले. धूर परत आला, पण तोवर शालूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याला उतार पडल्याची वार्ता गावभर झाली होती. मग बाया दुपारच्या माडीवर येऊ लागल्या. ज्या घराकडे पाहून लोक हसत, त्या घराच्या पायरीशी आता चपला काढू लागले. हसणाऱ्यांचे पुढारी भगवानराव ‘वामनभाऊ’ म्हणू लागले आणि शुक्रवारची आरती त्यांनीच सुचवली. रुखमाबाईंना सवाष्णीचे पहिले आमंत्रण येऊ लागले. त्यांनी इंजिनाची चौकशी करणे सोडून ते पुसायला घेतले.

मान वामनरावांनाही कडू लागत नव्हता. पण बायांना उकडते म्हणून पंखा सुरू, खिडकी उघडी. धूर उठतो न उठतो तोच फाटून जाई. वर अक्षता होत्याच. दुसऱ्यांदा तांदूळ काढताना तार वाकली. आणखी एक चिमूटभर भक्ती, की धूर कायमचा गेला.

शुक्रवारी शालूबाई ताट घेऊन आल्या, मागे घंटा घेऊन भगवानराव. वामनराव जिन्यात आडवे उभे होते. रुखमाबाईंनी डोळ्यांनी दटावून पाहिले. ते हलले नाहीत.

“काऊन हो वामनभाऊ, देवाच्या कामात आडवे येता?” भगवानरावांनी घंटा थांबवली.

“माह्या गुडघ्याले त्या धुरानंच बरं वाटलं न भाऊजी!” शालूबाई कळवळल्या. “देवच हाय तो!”

वामनरावांनी ताटातल्या अक्षतांकडे पाहिले आणि म्हणाले, “वहिनी, ते इंजन हाय. त्याच्यातून निघते तो तेलाचा धूर हाय, अन् तो मले पाहाले आवडते, बस. गुडघा दवाखान्यात दाखवा.”