साक्षेप आणि आमची शेवटची बांधी

माईक हातात आला की मी उदार होतो. दिवसा भंडाऱ्यात कोसा रेशमाच्या साड्या विकतो, तेव्हा भावात तसूभर हलत नाही. संध्याकाळी मात्र सत्कार, एकसष्ट्या, नाटकाआधीची भाषणं असं काहीही असलं की मी निवेदक, आणि तिथं विशेषणांची खैरात. त्यातलं माझं लाडकं म्हणजे ‘साक्षेपी’. याचा अर्थ कोणी विचारत नाही, आणि ऐकताच सत्कारमूर्ती खुर्चीत सावरून बसते. मी आजवर एका निवृत्त तहसीलदाराला, दोन दातांच्या डॉक्टरांना आणि चुकून एका नवरदेवालाही साक्षेपी केलं आहे. नवरदेवाच्या आईनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, हे दुखणं बरं होतं ना म्हणून.

मागच्या दिवाळीनंतर सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावानं माझ्या मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, मंडईत सत्कार करायचं ठरवलं. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. पाळणे, मिठाई, पाहुणे आणि नाटक. मोठे बाबा जन्मभर गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे पाणकर ठरवतो. त्यांचा शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. आमच्या गावची रीत अशी की पाट जिथं संपतो तिथल्या शेतांना पाणी आधी, तलावाजवळच्यांना नंतर, आणि पाणकराच्या स्वतःच्या बांधीला सर्वांत शेवटी. मग ती कुठंही असो.

मानपत्र अर्थातच मी लिहिलं. आदल्या दिवशी गावी जाऊन ते त्यांना वाचून दाखवायला बसलो. ते अंगणात उन्हात बाजेवर बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होते. मी उभा राहून, हातवारे करून, मधेमधे टाळ्यांसाठी जागा सोडत वाचत होतो. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी हात वर केला.

“थांब. तो शबद पुन्हा वाच.”

“साक्षेपी.”

“काय अर्थ सांगते तू लोकायले?”

मी म्हणालो, अभ्यासू, चोखंदळ, बारकाईनं काम करणारा. साक्षेपी संपादक म्हणतात ना, तसं.

“मारुतीच्या देवळात पोथी लागे, तिच्यात संपादक नव्हता,” ते म्हणाले आणि पुन्हा सुपात पाहू लागले.

हे खरं होतं, आणि मला ते नंतर शब्दकोश उघडून पाहावं लागलं. जुन्या पोथ्यांत हा शब्द विद्वानांचा नव्हताच. तो आळसाच्या समोर उभा केलेला शब्द. करायचं ते मन लावून, नेटानं, कोणी पाहत नसतानाही करत राहायचं, तो साक्षेप. मग तो शेतकऱ्याचा असो की राज्य चालवणाऱ्याचा. पुढं छापखाने आले, ग्रंथ शोधून तपासून काढणारे लोक आले, आणि शब्द त्यांच्या घरी राहायला गेला. तिथं त्यानं कोट घातला. माझ्या काळापर्यंत तो शाल-श्रीफळाच्या टेबलावर येऊन बसला होता, आणि त्याला तिथं बसवणाऱ्यांत मी आघाडीवर.

मोठे बाबा मात्र अर्थासाठी थांबले नव्हते. त्यांना तो शब्द एकदा मिळालेला होता.

तो मिळाला त्या वर्षी मी नागपूरला वसतिगृहात होतो, त्यामुळे ही गोष्ट मी त्या दिवशीच पहिल्यांदा पूर्ण ऐकली. त्यांच्या बायकोनं, माझ्या मोठ्या आईनं, घराजवळच्या बांधीत चिन्नोर हा वासाचा तांदूळ लावला होता. ताईचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. पंगतीत भाताची तपेली उघडली की वास मांडवाबाहेर गेला पाहिजे, असं मोठी आई सगळ्यांना सांगत फिरायची. पाऊस मधेच निघून गेला. चिन्नोर उशिराचं धान, ते अजून पोटरीत होतं, कणीस बाहेर यायचं होतं, आणि तलाव तळाला गेला होता. शेवटून दुसरी पाळी शेजारच्या वहिनींची. त्या विधवा, पण शेती ठसक्यात करायच्या. त्यांचं धान हलकं, लवकर येणारं. ते पिवळं पडून कापणीला आलं होतं. त्या मोठ्या आईला सोबत घेऊन अंगणात आल्या.

“भाऊजी, माह्या धानाले आता पाणी कायले? माही पाळी बाईच्या बांधीत जाऊ द्या.”

मोठे बाबा म्हणाले, पाणकराच्या बांधीत दुसऱ्याच्या पाळीचं पाणी जाणार नाही. वहिनी हसल्या, मग चिडल्या. आणि या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी जाऊन वहिनींचं पाणी वहिनींच्याच बांधीत सोडलं. पिकलेल्या धानात. त्यांना ते चिखलात उभं राहून कापावं लागलं. आमच्या बांधीपर्यंत येता येता पाट कोरडा झाला.

मोठी आई सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून गुंडानं, म्हणजे पितळी घागरीनं, पाणी वाहू लागली. डोक्यावर एक, कमरेवर एक. बांधीचा एक कोपरा तिनं जगवला. त्यातून बियाणं निघालं, लग्नाचा भात निघाला नाही. पंगतीला बाजारातला तांदूळ शिजला.

त्याच वर्षी देवळात पोथी वाचणाऱ्या महाराजांनी साक्षेपाचा भाग आला तेव्हा साऱ्या गावासमोर मोठ्या बाबांकडे बोट दाखवून ‘हा खरा साक्षेपी’ असं म्हटलं होतं.

“लय गोड लागला तो शबद,” मोठे बाबा म्हणाले. “पाणकरानं पाणी पाहाचं असते. मी लोकायचं तोंड पाहून राहिलो होतो.”

मी विचारलं, मोठ्या आईला हे कधी बोललात का? त्यांनी डाळीतला एक खडा उचलून दूर टाकला.

“म्हणीन म्हणीन म्हणता तेच गेली.”

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. मी विचारलं, मग या शब्दाचं काय करू?

“मले लावू नको. तिले लाव वाटल्यास. पर आता लावून का होते?”

मंडईच्या स्टेजवर मी मानपत्र वाचलं. त्या जागी आलो आणि थांबलो. लोकांना वाटलं मी टाळ्यांसाठी थांबलो, म्हणून त्यांनी टाळ्या दिल्या. मी एवढंच म्हणालो की या गावात चिन्नोरचं बियाणं ज्या साक्षेपी बाईनं गुंडाच्या पाण्यावर जगवलं, तिचा सत्कार राहून गेला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी माना हलवल्या. वहिनी त्यांच्यात होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. आयोजक कार्यक्रमपत्रिकेत हे वाक्य शोधत होते. मोठे बाबा मांडीवरच्या नारळाकडे पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझा योग्य माणसाला योग्य शब्द लागला होता, आणि ऐकायला ते माणूस नव्हतं.

आता जेवणाचं सांगतो. त्याच बियाण्याचा चिन्नोर आमच्या घरी दरवर्षी पिकतो. नव्या तांदळाच्या जेवणाला मी दरवर्षी हजर असायचो. मोठी आई पहिला भात मोठ्या बाबांच्या ताटात वाढायची, आणि ते तो उचलून माझ्या ताटात सरकवायचे. मी समजायचो, यांना वास सोसत नाही. मीच वर तोंड करून म्हणायचो, मोठ्या बाबांना नाक नाही, मला आहे, वाढा. ती हसायची. कशी हसायची, ते मी कधी नीट पाहिलं नाही, कारण भात गरम असायचा.

सत्काराच्या संध्याकाळी ताई वाढायला होती. तिनं आईसारखाच चिन्नोरचा पहिला भात त्यांच्या ताटात वाढला. त्यांचा हात सवयीनं माझ्याकडे वळला. मी माझं ताट मागं ओढून घेतलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाताकडे पाहत बसले. वाफ गेली, वरण साकळलं, ताई दोनदा येऊन गेली. शेवटी त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

“चांगला होता,” ते म्हणाले.

ताई म्हणाली, “होता काय, बाबा? हाये अजून तपेल्यात. वाढू?”

त्यांनी ताटावर हात आडवा धरला.