दवाखान्याआधीचं केळवण

नशामुक्तीच्या दवाखान्यात निघालेल्या मुलाचं कुणी केळवण करतं का? पाटाभोवती रांगोळी, कपाळाला कुंकू, ताटात श्रीखंड-पुरी? दचकलात ना? मीही दचकले होते. देवासला राहणारा माझा मामा हा अख्ख्या माळव्यातला सगळ्यात निर्लज्ज माणूस आहे, आणि असे निर्लज्ज आणखी चार असते तर आपली कितीतरी पोरं वाचली असती, असं माझं ठाम मत आहे.

कारखान्यातून निवृत्त झालेला हा ब्रह्मचारी "कसा आहेस?" असं कुणालाच विचारत नाही. पानाच्या टपरीवरचा पोरगा असो की बँकेतला कारकून, याचा प्रश्न ठरलेला: "बेटा, झोप येते का?" आमच्या धारच्या घरी मला बघायला आलेल्या मुलालाही त्याने पोहे यायच्या आत हेच विचारलं. मुलगा ढसाढसा रडायला लागला. लग्न अर्थातच जमलं नाही. मुलगा मात्र अजून मामाकडे येतो, चहा पितो, बोलतो. आई ओरडली, "दादा, तू माझ्या पोरीला घरी बसवणार!" मामा शांतपणे म्हणाला, "तू त्याचा पगार विचारत होतीस. कुणीतरी झोप विचारायला नको?"

त्याच्या समोरच्या घरातला मुलगा पावडर ओढायचा. आधी नोकरी गेली, मग झोप, मग त्याला भिंतीतून आवाज ऐकू येऊ लागले. वडिलांनी कॉलनीत सांगून टाकलं, तो पुण्याला ट्रेनिंगला गेलाय. आणि पोरगा आतल्या खोलीत, दाराला बाहेरून कडी! सुशिक्षित, पगारदार, रोज आरती करणारं घर! ऐकून माझं रक्त उसळलं. मामाने मात्र भाषण केलं नाही. जाऊन कडी काढली, मुलाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, भरती करा. बाहेर आल्यावर मामाने त्याला विचारलं, "लपून जायचंय की जेवून?"

मुलगा कितीतरी दिवसांनी हसला. "जेवून, मामा."

मामाने सगळ्या कॉलनीला आमंत्रण दिलं. मी पुऱ्या लाटायला धारहून आले. पाट मांडले, पानं मांडली, उदबत्ती लावली. कुणीही आलं नाही. मुंजीत श्रीखंड मागून मागून खाणाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. रिकाम्या पाटांकडे बघत मुलगा पुटपुटला, "रहने दो मामा. मला नाही जायचं."

मामा उठून रिकामे पाट पुन्हा सरळ करू लागला. तेवढ्यात फाटकातून गर्जना झाली:

"काय भिया, पानात मीठ कुठंय?"

मुलाचे वडील! मंडळाच्या पंगतीत आयुष्यभर वाढपी राहिलेल्या त्या माणसाला सगळं सहन झालं असतं, मिठावाचून मांडलेलं पान नाही. चपला काढून ते आत आले. डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, आणि मग काय करावं ते न कळून मुलाच्या शेजारी बसले.

"जेव," ते म्हणाले. "सोडायला मी येतो."

मुलगा सध्या दवाखान्यात आहे. सुटेल, की परत ओढेल, कुणास ठाऊक. मामाही थकलाय; आता पुऱ्या स्टुलावर बसून तळतो. पुढच्या आठवड्यात कन्नौदचा एक मुलगा निघतोय, आणि पंगतीला कोण येईल हे आम्हाला माहीत नाही.

तुमच्या गल्लीतही असा कुणी निघाला असेल. त्याला उघडपणे जेवायला बोलवा, आणि त्याच्या शेजारी बसा.