कंबरेवरचा हात
आज पडेगावच्या घरी दुखऱ्या कंबरेसाठी तिळाचं तेल गरम केलं आणि त्या वासानं करमाडची ती दुपार आठवली. पहिल्या बाळंतपणाच्या कळांनी बायको भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडली होती. सुईण मला म्हणाली, "लाजता काय? कंबर दाबा तिची. तेवढाच आराम पडतो." मी तेल लावून दाबू लागलो, तसं तिचं कण्हणं कमी झालं. तेवढ्यात अंगणात वडिलांचा आणि पाहुण्यांचा आवाज आला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष दिसला तर काय म्हणतील, या लाजेनं मी हात काढला. "सोडू नका हो," ती डोळे मिटूनच म्हणाली. मदतीला आलेल्या शेजारच्या मुसलमान मावशींनी, आमच्या खालांनी, मला नजरेनंच जा म्हटलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांवर ओढणी गुंडाळली आणि माझ्या जागी हात ठेवला. मुलगी झाली. "यांनी शेवटपर्यंत हात काढला नाही," असं बायको जन्मभर सांगत राहिली. "हौ भाभी, ऐसा मरद नसीब से मिलता," म्हणत खाला माझ्याकडं बघून हसायच्या, आणि मी नजर चुकवायचो. तो हात खालांचा होता. आता दोघीही नाहीत. तेल कोमट झालंय, आणि दुखतं तिथं माझा हात पोचत नाही.