आत कितीजण आहात?

लिफ्ट अडकली की मिस्तरी पहिला प्रश्न एकच विचारायचा. बंद दाराला तोंड लावून, अगदी सावकाश, जणू शेजारणीकडे वाटीभर साखर मागतोय.

"आत कितीजण आहात?"

खरं तर एक असो की सहा, त्याला काही फरक पडत नव्हता. पण विचारलं की आतला माणूस ओरडायचा थांबतो आणि मोजायला लागतो. एकटा असला तरी मोजतो. "एक," म्हणतो, आणि तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर येतो. मग मिस्तरी सांगायचा, "खाली बसा. जमिनीवर. कपडे मळले तर मळू देत." मग, "मी इथंच आहे. कुठं जात नाही." आणि शेवटी जरा आवाज चढवून, "दार उघडायला जाऊ नका. लिफ्ट पडत नाही. पाच दोर असतात, एकावरसुद्धा तगते. माणूस मरतो तो अर्धवट बाहेर पडायला जातो म्हणून."

"दोन मिनिटांत काढतो" असं मात्र तो कधीच म्हणाला नाही. चाळीस मिनिटं लागणार असतील तर चाळीस सांगायचा. अडकलेल्या माणसाशी खोटं बोललं की तो दुसऱ्यांदा अडकतो, हे त्याला त्याच्या दादाने शिकवलं होतं. दादा म्हणजे थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा दादानेच वाढवलं आणि दादानेच हातात पाना दिला.

अठ्ठावीस वर्षं तो हेच काम करत होता. सगळी वस्ती त्याला मिस्तरी म्हणायची, बायकोसुद्धा. जेवताना फोन आला की हातातला घास तसाच धरून तो फोनवरून अडकलेल्यांना धीर द्यायचा, त्यामुळे बायकोला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. आणि मुलीला. मुलीचं घरातलं नाव बटण. लहानपणी ती लिफ्टमध्ये शिरली की सगळी बटणं दाबायची, म्हणून. दार मिटलं की ती बापाचं बोट धरून विचारायची, "बाबा, आवाज ठीक आहे ना?" मिस्तरी मान तिरकी करून ऐकायचा आणि जे असेल ते सांगायचा. "ब्रेक घासतोय जरासा. पण पोचवेल."

आता असा हा माणूस. बारा मजल्यांच्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर उभा राहून डबा खाणारा. तो विमानाला घाबरायचा. थोडाथोडका नाही, फार. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातंय? लिफ्टला दोर असतो. तो दोर मिस्तरीने स्वतःच्या हाताने पुसलेला असतो, त्याची एकेक तार बोटाने तपासलेली असते. विमान कशाला टांगलंय, हे त्याला आजवर एकानेही सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दादा आजारी पडला. लांबच्या शहरात, मुलाकडे. "लगेच निघ," असा निरोप आला. मिस्तरी विमानतळावर गेला. आभाळ शाईसारखं काळं झालेलं. बाहेर सामानाच्या ढकलगाडीवर तो तीन तास बसून राहिला, विमान डोळ्यांदेखत उडताना बघितलं आणि उठून स्टेशनवर गेला. रेल्वेने दोन दिवस लागले. पोचला तेव्हा दादाला नेऊन झालं होतं. दारात चपला फार होत्या आणि आत आवाज नव्हता. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "दमलास का रे?"

त्यावर पुढे कुणी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

आणि आता बटणचा फोन. तीही दादाच्याच त्या शहरात, नोकरीला. पाठीच्या कण्याजवळ गाठ निघालेली. ऑपरेशन महिन्याच्या शेवटी ठरलं होतं, मिस्तरीने रेल्वेचं तिकीटही काढून ठेवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतात थांबायला नको. परवाच करणार, गुरुवारी. सकाळी आठ वाजता नेणार मला." मग, "ऑपरेशन पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्टनं नेतात. तू येशील ना रे?"

"येतो," मिस्तरी म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

रेल्वेने शुक्रवार उजाडला असता. बायकोला जाता येत नव्हतं. तिची आई आठ महिने अंथरुणाला खिळलेली, कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचा. म्हणजे जाणार तो मिस्तरीच, आणि जाणार तो विमानानेच. बुधवारी दुपारी एकचं.

त्याने सर्व्हिसची जुनी वही काढली. लिफ्टची तारीख, तेल, दोर, शेरा अशा रकान्यांची. त्यात तो दर अर्ध्या तासाने फोनवर हवामान बघून लिहायला लागला. वारा इतका. ढग इतके. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'नको'. बुधवारी पहाटे बायकोने वही ओढून घेतली.

"अहो मिस्तरी, हे लिहून वारा थांबणारे का?"

"माहीत असलेलं बरं."

"मग हेही लिहा. बटण घाबरलीय, हे."

बॅग तिनेच भरली. त्याने फक्त आपली त्रिकोणी चावी खिशात टाकली. लिफ्टचं कुठलंही दार बाहेरून उघडणारी. तिच्याशिवाय तो दुकानातही जात नसे.

विमानतळावर काचेपलीकडे आभाळ भरून आलेलं. मिस्तरीच्या शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर बाई मांडीवर फोन धरून बसल्या होत्या. फोनवर नकाशा, नकाशावर लाल-पिवळे डाग.

"लाल म्हणजे काय हो बाई?" त्याने विचारलं.

"लाल म्हणजे वादळी ढग. आपल्याला त्याच्या कडेनं जायचंय." त्यांनी चष्मा पुसला. "तीस वर्षं भूगोल शिकवला मी. ढगांचे प्रकार, वाऱ्याच्या दिशा, सगळं."

"मग तुम्हाला भीती नसेल."

"माहितीय म्हणूनच भीती आहे. तुम्ही सुखी आहात, तुम्हाला काही ठाऊक नाही."

"हलतं म्हणतात फार."

"हवेत खड्डे असतात."

"हवेत?" मिस्तरीचं तोंड उघडंच राहिलं. "बुजवतं कोण ते?"

बाई हसल्या, पण नकाशावरची नजर काढली नाही. नशिबाने म्हणा की कसंही, आत दोघांच्या जागा शेजारीशेजारीच निघाल्या. बाई खिडकीशी, मिस्तरी त्यांना लागून मधल्या खुर्चीत.

बसल्याबसल्या त्याने समोरच्या खिशातून एक गुळगुळीत पुठ्ठा काढला. लिफ्टमध्ये असं कार्ड असतं. मागची तपासणी कधी, कोणी केली, खाली सही. हा पुठ्ठा त्याने उलटा केला, सुलटा केला. चित्रंच चित्रं. माणूस वाकलाय, माणूस घसरगुंडीवरून चाललाय. त्याने हवाईसुंदरीला हाक मारली.

"ताई, यावर सही नाही."

"कसली सही, सर?"

"तपासणीची. मागची सर्व्हिस कधी झाली? तारीख तरी दाखवा."

"सर, ते सूचनांचं कार्ड आहे. विमान रोज तपासतात."

"कोण तपासतं? नाव असेल ना त्याला. माझं नाव मी प्रत्येक लिफ्टमध्ये लिहितो."

मागच्या रांगेतून कुणी तरी खी-खी करून हसलं. ती मुलगी मात्र हसली नाही. "विचारून सांगते," म्हणाली आणि पुढे गेली.

दार बंद झालं. धप्प आवाज झाला आणि कान दडपले. मिस्तरीने तो आवाज ओळखला, अडकलेल्या दाराचा. बाहेरून ऐकला होता हजारदा, आतून कधीच नाही. विमान थोडं पुढे गेलं आणि उभं राहिलं. मग भोंग्यातून आवाज आला, समोर वादळ आहे, परवानगी मिळेपर्यंत थांबावं लागेल.

"किती वेळ?" मिस्तरी जोरात म्हणाला. भोंगा काही उत्तर देत नव्हता.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पंख्याची हवा कोमट झाली. खिडकीवर थेंब आडवे पळत होते. मिस्तरीच्या पाठीला शर्ट चिकटला. खिशात हात घालून त्याने त्रिकोणी चावी मुठीत धरली. एवढी दारं उघडली तिने, या दाराला ती लागत नव्हती. छताकडे बघितलं, छत खाली आल्यासारखं वाटलं. समोरच्या खुर्चीची पाठ गुडघ्यांना टेकत होती. बाईंनी डोळे मिटून घेतले होते, त्यांचीही मदत नव्हती.

पट्टा सोडून तो उभा राहिला.

"मला उतरायचंय."

हवाईसुंदरी धावत आली. "सर, उतरता येईल. पण मग तुमची बॅग शोधून काढावी लागते, विमान परत न्यावं लागतं. आपला नंबर जातो. तास-दीड तास सगळ्यांनाच."

"अहो, बसा की!" मागून आवाज आला. "एकट्यासाठी सगळ्यांचा खोळंबा!"

"एक फोन करतो," मिस्तरी म्हणाला. बायकोने लगेच उचलला.

"मी उतरतोय," तो म्हणाला. "रात्रीची रेल्वे बघ."

पलीकडे लांबून सासूबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. मग बायकोचा आवाज आला, अगदी सावकाश, वाटीभर साखर मागितल्यासारखा.

"आत कितीजण आहात?"

"काय?"

"विचारतेय ते सांगा. कितीजण आहात?"

"मला काय माहीत? भरलंय सगळं..."

"मोजा."

तो उभाच होता. त्याने मान वळवली. एका रांगेत सहा. चार जागा रिकाम्या. मागे कडेवरचं एक बाळ, पुढे आणखी एक. ओठ हलवत, बोटाने हवेत खुणा करत त्याने शेवटच्या रांगेपर्यंत मोजलं. लोक त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होते. बघू देत.

"एकशे बेचाळीस," तो म्हणाला. "बाळं धरून."

"खाली बसा."

तो बसला.

"मी इथंच आहे. कुठं जात नाही. आईचं अंग पुसायचंय, नंतर पुसेन."

"किती वेळ लागेल?"

"मला ठाऊक नाही. दोन मिनिटं म्हणू?"

"नको."

"मग ऐका. दार उघडायला जाऊ नका." आता तिचाही आवाज जरा हलला. "दादांच्या वेळी तुम्ही अर्धवट बाहेर पडलात, मिस्तरी. दोन वर्षं झाली, अजून तिथंच लोंबकळताय. मी बोलले नाही कधी. आज बोलतेय."

त्याने नाक पुसलं. तिनेही फोन ठेवला नाही. पाऊण तास दोघं तसेच. मधेच ती विचारायची, "आहात ना?" हा म्हणायचा, "आहे." मग फोन बंद करायची सूचना झाली, आणि ती म्हणाली, "बटणला सांगा, केसांना तेल लावत जा म्हणावं." काही तरी म्हणायचं म्हणून.

विमान उडालं. त्यापुढचं काय सांगायचं? भीती गेली बिली काही नाही. ढगात शिरल्यावर विमान असं दणकलं की वरचे कप्पे खडखडले, आणि एकदा तर पोट वर राहून बाकीचा मिस्तरी खाली गेला. बाईंनी त्याच्या मनगटात नखं रुतवली.

"पडतंय!" त्या पुटपुटल्या.

पडत नाही, असं म्हणायला त्याच्याकडे दोर नव्हता. खोटं तो बोलणार नव्हता. त्याने विचारलं, "बाई, तुमच्या शेवटच्या वर्गात कितीजण होते?"

"आत्ता? हे काय विचारता?"

"सांगा हो."

"एक्केचाळीस."

"हजेरी घ्या."

बाईंनी डोळे मिटून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली, आणि प्रत्येक नावाला मिस्तरी दात आवळून "हजर" म्हणत गेला. सव्विसाव्या नावाला त्या अडल्या, चिडल्या, परत पहिल्यापासून सुरू झाल्या. मागच्या रांगेतला तो खोळंबावालाही हळूच "हजर" म्हणायला लागला होता. हजेरी तीनदा झाली. चौथ्या वेळी चाकं जमिनीला टेकली.

उतरताना दाराशी हवाईसुंदरी उभी होती. "सर, विचारलं मी. तपासणी आज सकाळी सहाला झालीय. सही आहे."

"नाव?"

तिने नाव सांगितलं. मिस्तरीने ते मनात लिहून ठेवलं.

गुरुवारी सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना बटणचं स्ट्रेचर पाचव्या मजल्यासाठी लिफ्टमध्ये ढकललं. वॉर्डबॉय म्हणाला, "नातेवाइकांनी जिन्यानं या." मिस्तरीने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला.

दार मिटलं. बटणचा चेहरा हिरव्या टोपीत एवढासा झालेला. तिने चादरीखालून हात काढला आणि त्याचं बोट धरलं.

"बाबा, आवाज ठीक आहे ना?"

मिस्तरीने मान तिरकी केली. ऐकलं.

"डावीकडचं रोलर कुरकुरतंय," तो म्हणाला. "ब्रेकही जरा उशिरा धरतोय."

"आणि?"

"दोर चांगले आहेत. पोचवेल."

"आणि ऑपरेशन?"

"ते मला कळत नाही, बटण. तिथला आवाज मला ऐकू येत नाही." पाचवा दिवा लागला. दार उघडलं. समोर आणखी एक दार होतं, त्याच्यापुढे त्याला जाता येणार नव्हतं. त्याने वाकून आपलं तोंड तिच्या कानाशी नेलं.

"आत कितीजण असतील ते मोज. बाहेर आलीस की मला सांग. मी इथंच आहे. कुठं जात नाही."

"झोपवतात रे आत," ती म्हणाली.

"झोपेपर्यंत मोज."

ते दार मिटलं. मिस्तरी भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसला. कपडे मळले तर मळू देत.