स्पंजकाकाचं लपवलेलं थिएटर

माझा काका सोफे बनवायचा. लाकडी सांगाडा, त्यावर पट्टे, स्प्रिंगा, फोम आणि वरून कापड, यात त्याची हयात गेली. कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी खुर्ची अंगठ्याने दाबून बघायचा आणि मान हलवायचा. ती मान कौतुकाने हलली की काळजीने, हे यजमानाला कधी कळत नसे. बाजारात त्याला 'स्पंज' म्हणत, आणि आमच्या घरात तो स्पंजकाका. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. फोन उचलल्यावर तो स्वतःच म्हणायचा, "हॅलो, स्पंज बोलतोय."

काकू पडदे शिवायची. दुकान दोघांचं एकच. पुढच्या बाजूला तिचं मशीन, मागे त्याची हातोडी. घरात मात्र राज्य एकटीचं, काकूचं. तिचा कायदाही एकच होता: उघडीवाघडी वस्तू दिसता कामा नये. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, चार्जरला नाडीची पिशवी. काका म्हणायचा, "मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो ना, तर ही मलाही खोळ घालेल."

अशा या माणसाला वेड लागलं ते एका दुपारी, कामावर असताना. टीव्ही आणि साउंड सिस्टिम विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात त्याने मागे रेलणाऱ्या खुर्च्या बसवून दिल्या होत्या. काम संपल्यावर मालक म्हणाला, "स्पंजशेठ, जरा बसून तर बघा." काका बसला. मालकाने दिवे मालवले आणि जंगलाचा एक सिनेमा लावला. समोर पानं हलली. मग काकाच्या उजव्या कानाशी एक माशी गुणगुणली. ती मागून फिरून डाव्या कानाशी आली. काकाच्या हातात अजून पेचकस होता. त्याने तोच फिरवला.

"अहो, अहो!" मालक ओरडला. "माशी सिनेमातली आहे!"

काका घरी आला तो हवेत तरंगतच. चपला काढायच्या विसरला. "अगं," तो काकूला म्हणाला, "आज मला एक माशी चावता चावता राहिली! आणि ती तिथे नव्हतीच!"

"ऊन लागलंय तुम्हाला," काकू म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

लगोलग त्याने मला फोन केला. मी टेलिफोन कंपनीत नोकरीला होते, म्हणजे घरच्यांच्या लेखी तारा, बटणं आणि विजेवर चालणाऱ्या यच्चयावत गोष्टींची जाणकार. मी तिथे पगारपत्रकं करत होते हे मी बऱ्याचदा सांगून पाहिलं, पण ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. "तू ये," काका म्हणाला. "आपल्याला घरात थिएटर करायचंय."

मी गेले तेव्हा काका काकूला दुकानातून आणलेलं चित्रांचं पुस्तक दाखवत होता. त्यात माणसाच्या उंचीचे काळे खोके ओळीने उभे होते. काकूने चष्मा लावला, पानं उलटली आणि चष्मा काढला.

"हे यमदूत माझ्या बैठकीत येणार?"

"अगं, आवाज ऐक तरी..."

"आवाजाला माझी ना नाही. पण खोका दिसायला नको, वायर दिसायला नको. न दिसणारा आवाज असेल तर खुशाल आणा."

काकूच्या दृष्टीने विषय तिथे मिटला होता. काकाच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. त्याने माझ्याकडे बघितलं, त्याचे डोळे लुकलुकत होते. "ऐकलंस ना? खुशाल म्हणाली!"

आम्ही दोघांनी शोधून शोधून चहाच्या मगाएवढे पाच स्पीकर आणले. त्यांना आवाज पुरवणारा चपटा अँप्लिफायर आणला आणि घुमणाऱ्या, खालच्या आवाजासाठी एक वेगळा डबा. त्याला सबवूफर म्हणतात हे मी काकाला सांगितलं. त्याने ते नाव एकदाच उच्चारून पाहिलं आणि मग त्याला 'ढोल्या' म्हणायला लागला.

बैठकीची खोली केवढी, तर दार उघडलं की ते सोफ्याच्या हातावर आपटायचं. त्यात हे सगळं लपवायचं होतं. पण लपवण्याच्या कामात काकाचा हात कोण धरणार? टीव्हीच्या दोन्ही बाजूंना त्याने उभे दिवे केले. वर खरा दिवा, आणि खालच्या कापडी नळकांड्यात स्पीकर. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर तसेच दोन छोटे दिवे. पात्रांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, तो टीव्हीखालच्या फळीत बसवला. राहता राहिला ढोल्या. तो कुठेही ठेवला तरी चालतो असं दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून काकाने त्याचं स्टूल केलं. गोल, गुबगुबीत, मधोमध बटण, खाली चार ठेंगणे पाय. आवाजाचं तोंड जमिनीकडे. इतकं देखणं स्टूल त्याने कुठल्या गिऱ्हाइकालाही करून दिलं नव्हतं.

सगळ्यावर त्याने उंची मखमल चढवली. मोठ्या थाटात बटण दाबलं. सिनेमातली सगळी मंडळी दुलईत तोंड खुपसून बोलायला लागली.

"यांना सर्दी झालीय का?" काकूने स्वयंपाकघरातून विचारलं.

काका खट्टू झाला, पण जेमतेम अर्धा पेला चहा पिऊन होईपर्यंत. मग त्याने मखमलीचा एक तुकडा तोंडासमोर धरून फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या माझ्या तळहाताला काही लागलं नाही. "वारा जात नाही तिथे आवाज कसा जाईल?" तो टुणकन उठला. "चल, बाजारात!"

या वेळी काकूही आली, कारण कापडाच्या बाबतीत तिचा काकावर काडीचा विश्वास नव्हता. कापडाच्या दुकानात दोघं ताग्यामागून तागा उघडून फुंकरा मारत सुटली. एकाने फुंकायचं, दुसऱ्याने पलीकडे गाल धरायचा.

"ताई, कापड गरम आहे का?" दुकानदाराने बिचकत विचारलं.

"आवाज जातो का ते बघतोय," काकू म्हणाली, जणू रोजचंच आहे. थोड्या वेळाने दुकानदारही फुंकायला लागला. त्यानेच शेवटी आतल्या कपाटातून एक विरळ विणीचं, मोरपंखी रंगाचं कापड काढलं. फुंकर मारताच काकूच्या कपाळावरची बट उडाली. "हेच!" तिघं एकदम ओरडली.

त्या बटेनेच काकूला फितवलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी काका भिंतीवरून वायरी नेण्यासाठी खिळे ठोकायला निघाला, तेव्हा तिने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली. "पडदे कशाला आहेत?" तिने खिडकीचे पडदे उतरवले, खालच्या दुमडीत एक लांब बोगदा शिवला आणि नाडी ओवावी तशी वायर ओवली. उरलेली वायर गालिच्याच्या काठात गेली. संध्याकाळी खोलीत नुसते दिवे, पडदे आणि एक गोड स्टूल. काका दारात उभा राहून बघतच राहिला. "अगं, मलाच सापडत नाहीये," तो आनंदाने म्हणाला.

रविवारी उद्घाटन. काकूची थोरली बहीण, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का, आल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आले. अक्का चांगल्या भारदस्त. कंबर दुखते म्हणून सोफ्यात बुडायला नको म्हणाल्या आणि सरळ ढोल्यावर जाऊन बसल्या. काका काही बोलणार, तोवर मी बटण दाबून बसले होते.

टीव्हीच्या पडद्यावर धुळीचा लोट उठला. दुरून घोडे आले. ढोल्या घुमला आणि अक्का बसल्या जागी थरथरल्या.

"भूकंप! पळा!" अक्का उठल्या त्या थेट मास्तरांचा हात धरून दारापर्यंत गेल्या. काकाने सिनेमा थांबवला आणि त्यांना सगळा प्रकार समजावला. अक्कांनी स्टुलाकडे बघितलं. मग परत आल्या, नीट पदर सावरून बसल्या.

"लाव रे पुन्हा," त्या म्हणाल्या. "कंबरेला बरं वाटतंय."

घोडे पुन्हा दौडले. सगळे खूश होते. फक्त काकूच्या कपाळावर आठी होती. ती उठली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि डोळे मिटले.

"अहो, घोडा खिडकीकडे जातोय, आणि टापा स्वयंपाकघरात चालल्यात."

काकाने सिनेमा मागे नेला. पुन्हा लावलं. खरंच की! घोडा उजवीकडे, टापा डावीकडे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण टेलिफोन कंपनी. मी म्हणाले, "मी बघते," आणि अँप्लिफायरकडे गंभीरपणे बघत बसले.

"टीव्ही उलटा टांगायचा का?" मास्तरांनी सुचवलं.

काका फळीमागे डोकं घालून बघत होता. तिथूनच तो हसायला लागला, इतका की फळीवर डोकं आपटलं. "अगं, मी मागून वायरी लावल्या! उलट बाजूने! मागून आपलं डावं म्हणजे पुढून उजवं! आयुष्यभर कापड उलटं करून शिवलं आणि इथे सुलट समजून बसलो!"

"तरीच," काकू म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना.

वायरी बदलल्या. काकाने घोडे पुढे ढकलून पावसाचा प्रसंग लावला. आधी मागच्या दिव्यांतून दोन थेंब. मग सगळीकडून सर. छपरावर, पानांवर, आपल्या मानेमागे. ढोल्यातून ढग गडगडला. मास्तर ताडकन उठले.

"माझे कपडे!"

"मास्तर, अहो, सिनेमातला..." पण मास्तर जिन्यावरून गेलेही होते. आम्ही खिडकीशी धावलो. लख्ख ऊन पडलं होतं. आणि खालच्या अंगणात मास्तर, शेजारच्या दोन बायका, समोरच्या इमारतीतला न्हावी, सगळे जिवाच्या आकांताने दोऱ्यांवरून कपडे ओढत होते. न्हाव्याने टॉवेलांचा ढीग कवटाळला, वर आकाशाकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे. खिडकी उघडी राहिली होती हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. काका सोफ्यात कोसळला. हसता हसता त्याला बोलताच येईना. तो नुसता बोट वर करून ढगाकडे दाखवत होता, आणि ढग सोफ्याच्या मागे गडगडत होता.

न्हावी त्याच संध्याकाळी आला, भांडायला म्हणून. पाऊस पूर्ण ऐकून गेला आणि जाताना आपल्या दुकानासाठी तसेच दिवे करून मागितले. त्याच्या गिऱ्हाइकांनी ते ऐकले, आणि काका-काकूंच्या कामाला एक नवीनच फांदी फुटली. लोक सोफ्याबरोबर न दिसणारा आवाजही मागायला लागले. काकाने बनवायचं, काकूने कान लावून पास करायचं. तिचा कान भारी कडक झाला होता. घरात सिनेमा बघताना ती पाहुण्यांना बिनदिक्कत सांगायची, "जरा सरका, तुमच्या डोक्याने माझा वारा अडतोय."

परवा मी सहज त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलंच होतं. आत दोघं शेजारी शेजारी बसून समुद्र बघत होती. मागच्या भिंतीतून एक लाट उठली, डोक्यावरून गेली आणि टीव्हीवर फुटून परत सोफ्याच्या दिशेने यायला लागली. मी दारात आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अहो," काकू घाईघाईने म्हणाली, "पाय वर घ्या ना!"

काकाने दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले.