लेनर्डचे खांदे

लेनर्ड कुबियाक सत्तावन्नाव्या वर्षी व्हिक्सबर्गला राहायला आला, तो तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही एवढ्याच आनंदात. ओहायोत बायकोनं घटस्फोट दिला होता, बसडेपोनं नारळ दिला होता, आणि तिसऱ्या कुणी आणखी काही द्यायच्या आत त्यानं गाव सोडलं.

मिसिसिपीकाठच्या टेकाडावरचं हे शहर. त्याची रया केव्हाच गेली होती. मोठ्या रस्त्यावरची निम्मी दुकानं फळ्या ठोकून बंद, तरणी माणसं डॅलसला निघून गेलेली. लेनर्डला हेच हवं होतं. ओसरीत खुर्ची टाकायची आणि गप्प बसायचं.

नवव्या दिवशी काळ्या सुटातला एक गृहस्थ पायऱ्या चढून आला. आधी त्यानं लेनर्डच्या पाठीची चौकशी केली, मग गुडघ्यांची. हा मलम विकणारा असावा असं वाटून लेनर्ड म्हणाला, सगळं ठणठणीत आहे. तिथंच तो फसला. गृहस्थाचं नाव पर्विस टेट. गावातले अंत्यविधी तो करायचा, आणि म्हाताऱ्या ब्रिस्टरची शवपेटी उचलायला त्याला सहावा माणूस मिळत नव्हता. उरलेल्या पाचांपैकी दोघांना स्वतःलाच धरून चालवावं लागे.

लेनर्ड गेला. नंतर चर्चमधल्या बायकांनी त्याच्या ताटात तळलेली कोंबडी आणि तीन प्रकारचे केक वाढले. ब्रिस्टरच्या विधवेनं त्याचा हात हातात घेतला.

"तुमच्याविषयी फार बोलायचे हो हे."

लेनर्डनं मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग मागणी वाढली. ऑक्टोबरपर्यंत त्यानं अकरा जणांना खांदा दिला, आणि त्यांतल्या एकालाही जिवंतपणी पाहिलं नव्हतं. पण जेवणाच्या पंगतीत त्याच्या कानावर सगळं पडे. कोण कुणाशी चाळीस वर्षं बोललं नाही, कोण वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचं, कुणी बायकोच्या बहिणीला पत्रं लिहिली. गावाची ओळख त्याला अशी मागच्या दारानं झाली. क्लाइड नावाच्या म्हाताऱ्याला पोचवून आल्यावर वाण्याच्या दुकानात एका अनोळखी बाईला तो म्हणाला, "तुम्ही क्लाइडच्या धाकट्या बहीण ना? तुमचं हसू त्यांच्यासारखंच आहे म्हणतात." बाई तिथंच रडायला लागली आणि तिनं त्याला जेवायला बोलावलं.

नोव्हेंबरात मिस ऑटिलीचं बोलावणं आलं. वय शहाऐंशी. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात तिनं एकतीस वर्षं टोप्या विकल्या होत्या. घर उंचावर, खाली रस्त्यापर्यंत बावीस पायऱ्या, आणि गुडघ्यांमुळं दोन वर्षांत ती एकही उतरली नव्हती.

"तू मला नेणार आहेस," ती म्हणाली. "पर्विसला सांगून ठेवलंय मी."

"बाई, तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसता."

"म्हणूनच आता बघायचंय. बॉयडला नेताना तुम्ही पेटी वाकडी केलीत, मी खिडकीतून पाहिलंय. माझी टोपी तिरकी झालेली मला चालणार नाही. गुरुवारी तालीम."

गुरुवारी सहा जण जमले. मिस ऑटिली निळी टोपी घालून लाकडी आरामखुर्चीत बसली. धापा टाकत, एकमेकांना शिव्या देत त्यांनी तिला खाली उतरवलं. टेट म्हणाला, झाली तालीम. ती म्हणाली, गाडी काय पायरीशीच उभी राहते? अजून जरा पुढं. असं जरा-जरा करत तिनं स्वतःला थेट मोठ्या रस्त्यावर न्यायला लावलं. आपल्या बंद दुकानाच्या, फळ्या न ठोकलेल्या काचेसमोर खुर्ची ठेवायला लावली, काचेत बघून टोपी सारखी केली. वाटेत लोक घराबाहेर आले. ती आधीच गेली असं समजणारे चौघे तिला तिथं भेटले. तिनं चौघांनाही नावं ठेवली.

आता परत वर जायचं होतं. आणि इथं सगळे अडले, कारण पर्विस टेटनं नेलेलं माणूस परत आणायची वेळ आजवर आलीच नव्हती. बावीस पायऱ्या चढायला पाऊण तास लागला. सहाव्या पायरीवर केक खाल्ला, चौदाव्या पायरीवर प्रार्थना झाली.

"बरं जमलं," वर पोचल्यावर ती म्हणाली. "पण चौदावीला डावी बाजू खचली. पुढच्या गुरुवारी पुन्हा."

तेव्हा कुठं लेनर्डला बाईचा डाव उमगला. त्याला हसू आलं. चार तालमी झाल्यावर मात्र त्याची पाठ बोलायला लागली. बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं पायऱ्यांच्या कडेनं रूळ टाकून मोटरवर चालणारी खुर्चीच बसवून दिली. बटण दाबलं की दोन मिनिटांत खाली. सगळं गाव बघायला आलं.

मिस ऑटिली त्या खुर्चीत एकदाच बसली. "हिच्याशी बोलायचं काय?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून खुर्चीवरून किराणा वर जायला लागला. सहा जण गुरुवारी येतच राहिले. लेनर्ड पुढं, डाव्या बाजूला, कमरेला पट्टा बांधून.